टाळूला अडकलेलं हाड

लढाई संपली, हे घरी आले, पण घरात काही बसेनात. ताट वाढावं तर चार घास खाऊन उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे, आणि भाकरी गार झाली म्हणून तशीच ठेवायचे. पाटाच्या कडेकडेनं विहिरीपर्यंत चालत जायचे आणि तिथून नुसतेच माघारी फिरायचे. मोट चालू असली तर बैलांमागं थोडा वेळ राहायचे, मग कासरा दुसऱ्याच्या हातात देऊन उसात शिरायचे. कुठं चाललात म्हणून कुणी विचारलं की म्हणायचे, "हितंच."

लग्न झालं त्याच साली ते फौजेत गेले होते. खेचरांच्या कंपनीत होते; ब्रह्मदेशाच्या डोंगरातून खेचरांच्या पाठीवर दारूगोळा आणि शिधा वाहून न्यायचा. मधल्या वर्षांत सुट्टी मिळाली ती एकदाच. म्हणजे नवरा कायमचा घरी आला तेव्हा तो मला धड ओळखीचासुद्धा नव्हता. त्याचा आवाज ऐकला की मी पदर सावरून उभी राहायची, पाव्हणा आल्यासारखी.

माझी खरी ओळख होती कुत्र्याशी. माझं माहेर कवठे महांकाळच्या बाजूचं, कोरडवाहू मुलखातलं. शेजारी मेंढरं राखणाऱ्यांची घरं होती. त्यांच्या कुत्रीचं एक पिल्लू मी पदराखाली घालून सासरी आणलं. सासर कडेगावच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस आणि मधे आमची दोन घरांची वस्ती. एका घरात आम्ही आणि दुसऱ्यात चुलत सासरे, त्यांची सून आणि नातवंडं. पिल्लू बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "माहेरनं लुगडं आणायचं का कुत्रं?" पण सासरे वारलेले, मुलगा लढाईवर, उसात कोल्ह्या-लांडग्यांचा वावर; मग कुत्रा त्यांनाही बरा वाटायला लागला. तांबड्या अंगाचा, लांब तोंडाचा. मी खुरपायला गेले की बांधावर बसायचा. मी पाणी शेंदायला गेले की विहिरीच्या काठावर बसायचा. ह्यांची पावलं वाजली की गुरगुरायचा. ते घरचे आहेत हे त्याला काही पटेना.

दातांचा विषय पहिल्यांदा ह्यांनीच काढला. गुऱ्हाळ सुरू झालं होतं. मी काकवीत कुस्करलेली भाकरी कुत्र्याला घालत होते, आणि हे चुलाण्याकडं जाता जाता थबकले.

"ह्याच्या तोंडाला वास मारतोय. दात बघितलंस का कधी?"

मला हसू आलं. "कुत्र्याचं दात कोण बघतंय?"

"आमी खेचराचं बघायचो. रोज सकाळी. तोंड दुखाय लागलं की जनावर दाणा खाईत न्हाई, आन् दाणा न्हाई खाल्ला की चढावर वझं घिऊन बसतंय." एवढं ते माझ्याशी एका दमात कधी बोलले नव्हते. मग ते वाकले आणि कुत्र्याच्या ओठाला हात लावायला गेले. त्यानं दात दाखवले. दाढांवर पिवळट, तपकिरी पुटं चढलेली मला तेव्हा दिसली. मडक्याला क्षार धरतो तसली. ह्यांनी हात मागं घेतला आणि चालायला लागले. काकवी बंद कर, एवढं मात्र लांबून ओरडून सांगितलं. मी काकवी बंद केली. वासाची सवय झाली होती, त्याचं काही वाटेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. दुपारची वेळ होती. मी अंगणात शेंगा निवडत होते. कुत्रा उसातून बाहेर आला तो डोकं खाली घालून, तिरपा तिरपा. तोंड उघडं. जबड्यातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. मी हाक मारली तर त्यानं तोंडातून आवाज काढला, पण तो त्याचा आवाज नव्हता. घशात घोगरं काहीतरी अडल्यासारखा. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "पिसाळला!" आणि पलीकडच्या घराकडं तोंड करून पोरांना आत घ्या म्हणून ओरडल्या.

दारं धडाधड लागली. कुत्रा जाऊन बैलगाडीखाली बसला. चुलत सासरे कुऱ्हाड घेऊनच बाहेर आले. ते मुळात दांडगाई करणारे नव्हते. बैलाला चाबूक लावताना आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा सख्खा भाचा पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता, आणि त्याच्या उशाशी ते शेवटपर्यंत बसले होते. तिथं काय बघितलं हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाजूला हो, पोरी," ते मला म्हणाले.

मी गाडीच्या जुवापुढं उभी होते. का उभी राहिले, माहीत नाही. "मामा, आवं जरा थांबा. त्यांना येऊ द्या."

"ते कवा येणार? कुठं असतंय ते? माझी नातवंडं हायती घरात."

हे विहिरीकडून आलेच. आरडाओरडा ऐकून पळत आले होते. त्यांनी कुऱ्हाड पाहिली, कुत्रा पाहिला, आणि गाडीपासून बऱ्याच अंतरावर उकिडवे बसले. इतके दिवस एका जागी न टिकणारा माणूस तसाच बसून राहिला आणि नुसता बघत राहिला. कुत्रा पुढच्या पंजानं तोंड खाजवत होता. एकदा उजव्या बाजूनं, एकदा डाव्या. जबडा गाडीच्या चाकावर घासत होता.

"तोंडात काय तरी अडकलंय," हे म्हणाले. "पाणी आण."

मी मातीच्या परळात पाणी आणलं आणि काठीनं पुढं सरकवलं. कुत्र्यानं तोंड घातलं, जीभ मारायला बघितलं, पाणी दोन्ही बाजूंनी गळून गेलं, आणि तो केविलवाणा ओरडला.

"बघा. पाण्याला भीत न्हाई."

"म्हंजी पिसाळला न्हाई असं न्हाई," चुलत सासरे म्हणाले. "माझा भाचा आदल्या दिसापर्यंत पाणी मागत हुता. मागायचा आन् गिळता यायचं न्हाई."

ह्यांनी परळाकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. तेबी खरं हाय. मला ठावं न्हाई, तात्या. मी खात्री देत न्हाई. पण मारायच्या आदी एकदा बघू द्या."

ते पुढं गेले. कुत्र्यानं गुरगुरून तोंड फिरवलं, आणि हे झटकन मागं आले. तेव्हा मला त्यांचे हात दिसले. दोन्ही हात थरथरत होते. त्यांनी ते पाठीमागं नेऊन एकमेकांत धरले, पण खांदेसुद्धा हलत होते. घाबरून नव्हे, आल्यापासून ते तसेच होते. भाकरीचा तुकडा मोडताना ते ताटावर का वाकतात हे मला त्या क्षणी कळलं.

"मी बघते," मी म्हणाले.

"तू न्हाई."

"माझ्या हातचं खातोय तो. तुमाला जवळ येऊ देणार न्हाई."

"अगं, दात लागला तर?"

"मग तुमाला दात लागला असता तर काय व्हनार हुतं?"

सासूबाई दारातून म्हणाल्या की दोघंही खुळी झाली आहेत. ह्यांनी मान हलवली, अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि शेवटी घोंगडं घेऊन आले. खेचराचं तोंड तपासायची एक रीत त्यांना माहीत होती. शेवरीच्या मऊ लाकडाला धडपं गुंडाळून त्यांनी जाड दांडकं केलं. ते कडेच्या दाढांत आडवं धरलं की जबडा मिटत नाही. माझ्या डाव्या हाताला मनगटापर्यंत ओलं पोतं बांधलं. उजवा हात मोकळा, कारण त्या हातानं काम करायचं होतं.

मी गाडीखाली सरकले. त्याच्याशी रोज बोलायची तसंच बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. ह्यांनी मागून घोंगडं टाकलं आणि अंगाखाली घट्ट दाबून धरलं. धरायला त्यांचे हात पक्के होते, थरथर तेवढ्यापुरती दिसली नाही. मी दांडकं दाढांत सरकवलं. वास असा आला की मला उमासा आला. आत बघितलं तर टाळूला आडवं एक हाड होतं. या बाजूच्या दाढेपासून त्या बाजूच्या दाढेपर्यंत, खीळ घातल्यासारखं. जत्रेच्या जेवणाचं हाड कुठूनतरी उकरून त्यानं फोडलं असणार. एका टोकाची हिरडी सुजून लाल-काळी झाली होती, पू आला होता, आणि तिथली दाढ हालत होती.

पायातला काटा काढायचा चिमटा सासूबाईंनी लांबून फेकला. तो हाडावरनं नुसताच घसरायचा. शेवटी मी बोट मागून घातलं आणि हाड पुढं ओढलं. कट्‌कन आवाज आला. हाड निघालं, त्याच्याबरोबर ती कुजकी दाढही निघाली, आणि पू व रक्त माझ्या हातावर आलं. दांडकं सुटलं. मी हात बाहेर काढला.

कुत्र्यानं तोंड मिटलं. उघडलं, परत मिटलं. मग परळातलं पाणी लपलप करत सगळं प्यायला आणि माझ्याकडं बघून शेपटी हलवली. सासूबाई रडायला लागल्या. मी हसत होते. चुलत सासऱ्यांनी कुऱ्हाड भिंतीला लावली, जवळ आले, आणि माझ्या हाताकडं बघत राहिले.

"ह्ये रगत कुत्र्याचं का तुझं?"

बोटाच्या पेरावर एक ओरखडा होता. लहानसा. दाताचा असेल, हाडाचा असेल. त्यातून माझं रक्त येत होतं.

"हाड अडकलंय म्हंजी पिसाळलेलं न्हाई, असं कुणी सांगितलं?" ते हळू आवाजात म्हणाले. "पिसाळल्यालं कुत्रं हाडं, दगडं, लाकडं, कायबी चावतंय." त्यांना मला भिववायचं नव्हतं. त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती.

ह्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढतच पाण्याच्या रांजणाकडं नेलं. फौजेतून आणलेला लाल साबण, त्याचा दवाखान्यासारखा वास. पाणी ओतायचे, साबण चोळायचे, परत पाणी. ओरखडा चरचरायला लागला, मी हात ओढायला लागले, तरी सोडेनात. रांजण रिकामा झाला तेव्हा थांबले.

"उद्या साताऱ्याला जायचं. पोटात सुया देत्यात."

"मी येणार न्हाई."

"का?"

"मी गेले की हितं कुत्रा मारून टाकतील. मग तो पिसाळला हुता का न्हाई, ते कुणाला कळणार? जगला तर कळंल."

मला वाटलं आता रागावतील. पण ते म्हणाले, "ह्ये बराबर हाय. पण मी डाक्तरला इचारून येतो. त्यानं सांगितलं, तर उचलून नेणार." आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. तेव्हा सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरून पायी जायचं. जाऊन-येऊन दुसरा दिवस मावळला. आले ते धुळीनं माखलेले. डॉक्टरनं सांगितलं होतं, कुत्रा बांधून ठेवा, दहा दिवस नजर ठेवा. त्यात बदल दिसला, खाणं सुटलं किंवा मेला, तर त्याच दिवशी बाईला घेऊन या. दहा दिवस ठणठणीत राहिला तर भ्यायचं कारण नाही.

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. कुत्रा चिंचेला साखळीनं बांधलेला. हे झाडाभोवती फिरायचे. उसाला पाणी द्यायला जायचे आणि निम्म्यातून परत यायचे. जेवला का? पाणी प्याला का? आवाज कसा आहे? कुत्र्याकडं बघून झालं की माझ्याकडं बघायचे, अगदी त्याच नजरेनं. मी तांब्या तोंडाला लावला की त्यांचं जेवण थांबायचं, आणि माझा घोट खाली उतरेपर्यंत परत सुरू व्हायचं नाही. एकदा मला ठसका लागला. ते ताटावरनं असे उठले की ताट उपडं झालं.

मीही काही शांत नव्हते. जात्यावर बसले की घसा आवळल्यासारखा वाटायचा. थुंकी गिळून बघायची. गिळता आली की बरं वाटायचं आणि लगेच परत गिळून बघायची. बोटाचा ओरखडा भरून आला होता तरी दिवसातून किती वेळा बघायची. एका जागी बसावंसं वाटायचं नाही. झाडलेलं अंगण परत झाडायची. सासूबाई म्हणाल्या, "एक फिरत हुता, आता दोघं फिरताय. माझ्या डोळ्यास्नी गरगरतंय." पण दुधावरची साय त्या गुपचूप माझ्या भाकरीवर घालायच्या.

कुत्र्याची जखम धुवायला लागायची. तोंडात हात घालायचा नाही असा हुकूम होता. हे पाणी उकळून कोमट करायचे, त्यात किंचित मीठ टाकायचे, आणि मी लांब दांड्याच्या पळीनं गालाच्या कडेनं ते सोडायची. सासूबाईंनी मिसरी सुचवली. "माझी दाढ ठणकली की मी मिसरीच लावती." हे चटकन म्हणाले, "आये, तंबाखू हाय त्यात. मरंल त्यो." सासूबाईंनी स्वतःची मिसरीची डबी उघडून तिच्याकडं जरा संशयानं बघितलं आणि परत कमरेला खोचली.

हळूहळू सूज उतरली. कुत्रा आधी भिजवलेली भाकरी खायला लागला, मग कोरडी. आवाज त्याचा त्याला परत मिळाला. आणि दहा दिवस पुरे झाले त्या सकाळी चुलत सासरे धाकट्या नातीला कडेवर घेऊन आमच्या अंगणात आले. चिंचेखाली उभं राहून त्यांनी कुत्र्याला बराच वेळ न्याहाळलं.

"सोड आता," ते मला म्हणाले.

"तुमीच सोडा, मामा."

त्यांनी नातीला माझ्याकडं दिलं, वाकले, आणि स्वतःच्या हातानं साखळी काढली. कुत्रा अंग झाडून उसाकडं पळाला. चुलत सासरे मात्र झाडाखालीच बसले, आणि तिथं बसून त्यांनी पहिल्यांदा आपल्या भाच्याची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. हे शेवटपर्यंत ऐकत बसले, आणि मग त्यांनी ब्रह्मदेशातल्या एका घाटाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

त्यानंतर दात साफ करायचं काम ह्यांनी आपल्याकडं घेतलं. मी करते म्हणाले तर ते नको म्हणाले. कुत्रा त्यांना जवळ येऊ देत नव्हता, म्हणून सुरुवात दातांपासून केलीच नाही. आधी नुसतं शेजारी बसायचं. मग मटणाच्या रश्शात बुडवलेलं बोट चाटायला द्यायचं. मग ते बोट ओठाच्या आत, क्षणभर. गुरगुरला की थांबायचं, उद्या परत. असे कितीतरी आठवडे गेले. मग जुन्या धोतराचं मऊ फडकं बोटाला गुंडाळायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचं आणि दाढांच्या बाहेरच्या अंगानं हलक्या हातानं पुसायचं. आतल्या बाजूला त्याची जीभच काम करते, म्हणायचे. दगडासारखं धरलेलं जुनं पूट काही निघालं नाही. एकदा त्यांनी नखानं खरवडून बघितलं तर हिरडीतून रक्त आलं. मग तो नाद सोडला. पण नवं पूट धरायचं थांबलं, आणि तोंडाचा वास गेला. शिजवलेली हाडं कायमची बंद. शेजारच्या गावचे लोक वाटेनं जाताना उभे राहायचे. "काय गड्या, कुत्र्याला दातवण? उद्या चूळ भरायला लावशील!" हे हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. त्यांच्या बोटांची थरथर होतीच. फडक्यासकट बोट थरथरायचं, आणि कुत्र्याला त्याचं काही वाटायचं नाही.

यामुळं त्यांचं फिरणं थांबलं असं मात्र नाही. फडकं वाळत टाकलं की ते परत निघायचे, विहिरीकडं, तिथून माघारी. उन्हाळा संपता संपता ते म्हणाले, "माझं हितं मन लागत न्हाई. शेती तात्या बघतील. सांगलीला गुरांच्या दवाखान्यात माणूस पायजे, असं एक जण म्हणत हुता. जनावरं धरायला."

"आन् मी?"

"तू म्हणशील तसं."

नवऱ्यानं मला असं विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, जा. एकटा गेला तर तो सांगलीतही थांबायचा नाही, पुढं कुठंतरी निघून जाईल. त्या स्वतः मात्र वस्ती सोडायला तयार नव्हत्या.

आम्ही सांगलीला नदीच्या बाजूला एक खोली घेतली. कुत्रा बरोबर होता. मोटारीत घेईनात म्हणून चुलत सासऱ्यांनी त्याला बैलगाडीतून आणून सोडलं, आणि एका दिवसाचा मुक्काम करून गेले. तिथं उसाचं रान नव्हतं, राखण करायला काही नव्हतं. पहिले काही दिवस कुत्रा नुसता उंबऱ्यात उभा राहायचा. मलाही ती गल्ली, ती माणसं, भिंतीपलीकडून येणारे आवाज सोसायचे नाहीत. ह्यांना मात्र दवाखान्यात दिवसभर काम असायचं. लाथा मारणारे बैल, दुखऱ्या सडाच्या म्हशी. संध्याकाळी अंगाला शेणाचा आणि औषधाचा वास घेऊन यायचे, आणि जेवताना आज काय काय आलं होतं ते सांगायचे. कधी कधी ताट संपेपर्यंत सांगायचे.

तिथल्या डॉक्टरनं पुढं कुत्र्याची आणखी एक दाढ काढली. उरलेल्यांच्या जोरावर तो बरीच वर्षं जगला. सकाळी हे फडकं पिळायला लागले की तो उंबऱ्यातून उठायचा, त्यांच्यापुढं येऊन बसायचा आणि मान वर करायचा. मी तेव्हा घागर घेऊन एकटीच नदीवर निघालेली असायची.